रतनगड ते हरिश्चंद्रगड, तंबू पाठीवर घेऊन: आधी पाणी ठरवा, मग वाट

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातले पाच मित्र. कळसूबाई, राजमाची, तोरणा असे एका दिवसाचे ट्रेक झालेले. आता डिसेंबरात तीन दिवस आणि दोन रात्रींत रतनवाडीहून रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई असं करत हरिश्चंद्रगड गाठायचा आणि खिरेश्वरला उतरायचं. तंबू आपले, स्वयंपाक आपला. वाटाड्या घ्यावा का, मुक्काम कुठे करावा, सामान किती असावं, मोबाईलमधला नकाशा पुरेल का, आणि एकाची बारा वर्षांची पुतणी बरोबर येऊ शकेल का, हे विचारलं आहे.

वाट उत्तम निवडली आहे. सह्याद्रीत जे जे बघण्यासारखं आहे ते या एका वाटेवर आहे: घनदाट पदर (कड्याखालच्या टप्प्यावरचं जंगल), उघडं पठार, खिंड, नदी, वाड्या, कडा, लेणी. पण आखणीत मला एक गोष्ट दिसली नाही, आणि बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तुम्ही किलोमीटर लिहिलेत, चढाई लिहिलीत, मुक्कामाच्या ठिकाणावरून सूर्यास्त दिसेल का तेही लिहिलंत. पाणी कुठे भरणार ते कुठेच नाही.

अकोले तालुक्याचा हा पश्चिमेचा पट्टा जिल्ह्यातला सर्वांत जास्त पावसाचा. चार महिन्यांत इथे कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि त्याच डोंगरावर एप्रिलमध्ये घोटभर पाण्यासाठी दोन तास चालावं लागतं. कारण खडकात आहे. सह्याद्रीचा हा भाग म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. कठीण बेसॉल्टच्या थरातून पाणी मुरत नाही, ते वरून वाहून जातं. दोन थरांच्या मधला भाग मऊ, भुसभुशीत, काही ठिकाणी लालसर मातीसारखा असतो, आणि जे थोडं पाणी फटींतून खाली येतं ते तिथे अडून बाहेर झिरपतं. डोंगरावरचे बारमाही झरे बहुतेक अशा सांध्यावर सापडतात. जुन्या लोकांनी कातळात पाण्याची टाकी खोदली तीही असाच खडक पाहून. नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांच्या काळातली टाकी आहेत, म्हणजे घाट चढून आलेल्या व्यापाऱ्याला पहिलं पाणी कुठे मिळेल याचा विचार दोन हजार वर्षांपूर्वी झाला होता. आपण तंबू घेऊन निघतो तेव्हा तोच विचार पुन्हा करायचा असतो.

म्हणून आखणी उलटी करा. कागदावर आधी पाण्याच्या जागा मांडा: रतनवाडी गाव, रतनगडावरची टाकी, कात्राबाईच्या अलीकडचे-पलीकडचे ओढे, कुमशेत, मुळा नदीचं पात्र, पाचनई, हरिश्चंद्रगडाच्या देवळापाशी असलेली टाकी, खिरेश्वर. मग प्रत्येक दोन जागांमध्ये पाठीवर ओझं घेऊन किती तास लागतील ते लिहा. ज्या दोन ठिकाणांमध्ये पाच तासांहून जास्त अंतर आहे, तिथे माणशी चार लिटर घेऊन निघायचं, बाकी ठिकाणी तीन. डिसेंबरात ओढ्यांना पाणी असतंच असं गृहीत धरू नका. पाऊस लवकर परतलेल्या वर्षी छोटे ओढे डिसेंबरातच डबक्यांवर येतात. एक दिवस आधी गावात फोन करून विचारा: “दादा, कात्राबाईच्या ओढ्याला पाणी आहे का अजून?” हा प्रश्न विचारला की पलीकडच्या माणसालाही कळतं की मंडळी जाणत्यांपैकी आहेत, आणि तो न विचारलेल्या चार गोष्टी जास्त सांगतो.

आता दिवसांचा हिशोब. तीन दिवसांत रतनगडासकट हे सगळं होतं, पुष्कळ जण करतात, पण ते पाठीवर एक छोटी सॅक घेऊन आणि गावात जेवून. तुम्ही तंबू, स्टोव्ह, शिधा घेऊन जाणार. दहा-बारा किलो पाठीवर असताना रतनगडाच्या शिड्या चढणं आणि पुन्हा उतरून कात्राबाईच्या वाटेला लागणं यात पूर्ण दिवस जातो. माझं स्पष्ट मत असं की एक सुट्टी वाढवा आणि चार दिवस करा. पहिल्या दिवशी मोठ्या सॅक रतनवाडीत ठेवून हलक्या अंगाने रतनगड चढा. गणेश दरवाजा, त्र्यंबक दरवाजा, नेढं (कातळातलं आरपार भोक), सगळं निवांत बघा आणि रात्री गावात परत या. अमृतेश्वराच्या देवळावरचं कोरीवकाम बघायला संध्याकाळचा तासभर राखून ठेवा, ते घाईत बघण्याचं काम नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून कात्राबाई ओलांडून कुमशेत. तिसऱ्या दिवशी पाचनई आणि गडावर मुक्काम. चौथ्या दिवशी टोलार खिंडीने खिरेश्वर. सुट्टी वाढत नसेल तर रतनगड सोडा. आदल्या रात्रीच रतनवाडीत येऊन झोपा आणि सकाळी थेट खिंडीच्या वाटेला लागा. रतनगड कुठे जात नाही, तो पुढच्या खेपेला स्वतंत्र करता येतो.

रात्रभर गाडी चालवत येऊन पहाटे न झोपता चढायला लागणं ही पुण्या-मुंबईची जुनी सवय आहे, आणि ती या वाटेवर मोडायला हवी. एका दिवसाच्या गडावर ती निभावून जाते. ओझं घेऊन आठ-नऊ तास चालायचं असेल तर दुपारनंतर त्या न झोपलेल्या माणसाचा पाय पडतो तिथे पडतो. मुरमाड उतारावर घसरून घोटे मुरगळतात ते बहुतेक वेळा दुपारी तीननंतर आणि उतरताना.

वाटाड्याचं. रतनवाडी ते कुमशेत या टप्प्यासाठी घ्याच. इथे मध्ये एकही वाडी नाही, पदरातलं जंगल दाट आहे आणि फाटे फसवे आहेत. रतनगडाच्या वाटेवरच जंगलात एक फाटा येतो, एक वाट गडाकडे वळते आणि दुसरी कात्राबाईकडे. तो फाटा नीट कळला तरी पुढे ढोरवाटांचं जाळं आहे. कुमशेतपासून पुढे मात्र गावं आहेत, गाडीरस्ता आहे, विचारायला माणसं आहेत, तिथे तुमचं तुम्ही चालू शकता. रतनवाडीतल्या एखाद्या दादांशी आधी बोलून दिवसाचा मोबदला ठरवून घ्या. त्यांना परत जायलाही अर्धा दिवस लागतो किंवा कुमशेतला मुक्काम करावा लागतो, तो धरून पैसे द्या, आणि त्यांच्या जेवणाची सोय तुमच्या शिध्यात धरा. या भागातली महादेव कोळी आणि ठाकर माणसं डोंगर ज्या बारकाईने वाचतात ते शिकायचं असेल तर त्यांच्या मागून चाला, पुढे धावू नका, आणि विचारत राहा: ही वाट कुठे जाते, हे झाड कोणतं, उन्हाळ्यात पाणी कुठे राहतं. एक दिवस असा चाललात तर पुढची दहा वर्षं उपयोगी पडेल.

ढोरवाटेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण वाट चुकण्याचं सर्वांत मोठं कारण तेच. गुरांची वाट आडवी जाते, रुंद आणि ठळक असते, आणि चांगल्या गवताच्या जागी पोचली की फुटून नाहीशी होते. माणसांची वाट त्यामानाने अरुंद असते पण तिला हेतू असतो. ती खिंडीकडे, पाण्याकडे, देवाकडे किंवा गावाकडे जाते. चढ आला की ती नागमोडी वळणं घेते, कातळावर तिच्या पायऱ्या घासून गुळगुळीत झालेल्या दिसतात, वळणावर कुणीतरी दगडावर दगड रचून ठेवलेले असतात. दहा-पंधरा मिनिटं चालून यातलं काही दिसलं नाही, कारवीची झुडपं अंगावर येऊ लागली, वाकून चालावं लागलं, तर थांबा. पुढे “मिळेल वाट” म्हणून रेटू नका. जिथे वाट नक्की होती त्या जागेपर्यंत मागे या, दोघांना तिथेच बसवा, बाकीच्यांनी हाकेच्या अंतरात शोध घ्यावा.

आणि ही गोष्ट सगळ्यांनी पाठ करून ठेवावी: वाट चुकली तर ओढ्याच्या पात्रातून खाली उतरायचं नाही. पाण्याच्या मागे गेलं की गाव लागतं हा सल्ला सखल मुलखात चालत असेल, सह्याद्रीत तो जीव घेतो. मघाशी सांगितलेले लाव्ह्याचे थर इथे पायऱ्यांसारखे बसलेले आहेत, प्रत्येक पायरी कधी दहा फुटांची तर कधी तीनशे फुटांची. पावसाळ्यात ओढा या पायऱ्यांवरून उड्या घेतो, म्हणजे हिवाळ्यात तिथे कोरडे धबधबे असतात. माणूस पात्रातून उतरत जातो, एक छोटा टप्पा उडी मारून पार करतो, मग दुसरा, आणि तिसऱ्याला खाली सरळ कडा असतो. खाली जाता येत नाही आणि मघाशी उडी मारलेला टप्पा वर चढता येत नाही. घाटमाथ्यावर अडकलेल्यांना काढायला बचाव पथकं जातात त्यातल्या कितीतरी घटना अशाच असतात. वाट चुकलीच तर सोंडेवर या, धारेवर या, जिथून चारी बाजू दिसतात. शेत, छप्पर, धूर, विजेचा खांब, काही ना काही नजरेला पडतं, आणि मोबाईलला रेंज मिळाली तर तीही तिथेच मिळते.

मोबाईलमधला नकाशा बरोबर असू द्या, आधी उतरवून घ्या, रेंज नसली तरी चालेल असा. पण दुसऱ्या कुणीतरी चालून नोंदवलेल्या रेघेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ती रेघ मे महिन्यातली असेल तर जळलेल्या गवतातून सरळ गेलेली असते, आणि डिसेंबरात तिथे डोक्याएवढं वाळलं गवत उभं असतं. दरीत उपग्रहाचा ठिपका पन्नास मीटर इकडेतिकडे होतो, आणि कड्याच्या काठावर पन्नास मीटर म्हणजे फार झाले. नकाशा दिशा पक्की करण्यासाठी, पाऊल डोळ्यांनी बघून टाकायचं. एक पॉवर बँक दोघांत पुरते, थंडीत रात्री ती स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा.

मुक्कामाची जागा. डिसेंबरात इथे साडेपाच-सहाला सूर्य कड्याआड जातो आणि पदरातल्या जंगलात त्याआधीच अंधारून येतं. त्यामुळे नियम घाला: चार वाजता तंबूची जागा समोर दिसली पाहिजे. चारला अजून दोन तासांची चाल उरली असेल तर तिथेच, पाण्याच्या आसपास, सपाट जागा बघून थांबा. या वाटेवर असा प्रसंग येऊ नये म्हणूनच दुसऱ्या दिवशी पहाटे निघायला सांगितलं. कुमशेतला पोचलात की गावात विचारून कुणाच्या अंगणात किंवा गावाबाहेरच्या माळावर तंबू लावा. न विचारता शेतात शिरू नका, डिसेंबरात काही खाचरांत दुसरं पीक असतं आणि खळी चालू असतात.

तंबू असा घ्या जो खुंट्यांशिवाय आपला आपण उभा राहतो. माथ्यावर बऱ्याच जागी वितभर मातीखाली कातळ आहे, खुंटी आत जातच नाही. दोऱ्या दगडाला बांधाव्या लागतात. ते दगड माळावरचे घ्या. तटाचा, जोत्याचा, समाधीचा एकही दगड उचलू नका. एका तंबूला चार दगड म्हणजे किती, असं वाटतं, पण गडावर दर शनिवारी शेकडो माणसं येतात. जोती अशीच नाहीशी झाली आहेत आणि ती पुन्हा कुणी बांधणार नाही. दुसरं, कारवीच्या रानात तंबू पसरण्याआधी जमीन हाताने चाचपा. तोडलेल्या कारवीचे खुंट जमिनीलगत टोकदार राहतात आणि तळाचं कापड फाडतात. खालून येणारी थंडी अडवायला गादी, म्हणजे फोमची मॅट, स्लीपिंग बॅगेइतकीच महत्त्वाची. कातळ रात्रभर अंगातली ऊब ओढून घेतो. पारा एक आकडी उतरतो असं धरूनच पांघरूण न्या, एक लोकरीची टोपी आणि कोरडे मोजे फक्त झोपायला वेगळे ठेवा.

हरिश्चंद्रगडावर सगळ्यांना कोकणकड्याच्या काठावर तंबू हवा असतो. नका लावू. तो कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, कोकणातून येणारा वारा त्या वाटीत शिरून वर उसळतो. संध्याकाळी शांत वाटणारी जागा रात्री दोनला तंबू उपटून टाकेल अशी होते. त्याहून मोठा धोका म्हणजे रात्री लघवीला उठलेला माणूस. धुकं आलं की टॉर्चचा उजेड परत तोंडावर येतो, चार पावलांवरचं दिसत नाही, आणि काठ तिथेच कुठेतरी असतो. देवळाच्या बाजूला, वन विभागाने आणि गावकऱ्यांनी जिथे मुभा दिली आहे तिथे मुक्काम करा, कडा बघायला उजेडी चालत जा. कड्याच्या अगदी टोकाला पोटावर झोपून बघा, उभं राहून वाकू नका. समोर खाली धुकं आणि पाठीमागे खालचा सूर्य असा योग जुळला तर धुक्यावर आपलीच सावली आणि तिच्याभोवती रंगीत गोल कडं दिसतं. त्याला इंद्रवज्र म्हणतात, आणि कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथे ते पाहिल्याची नोंद आहे. त्यासाठी पावसाळ्याची अखेर अधिक अनुकूल, डिसेंबरात दिसलं तर भाग्य समजा.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. याचा अर्थ प्रवेश शुल्क आहे, नाक्यावर नावं लिहावी लागतात, आणि रात्री कुठे राहता येईल याचे नियम वन विभाग ठरवतो. ते बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यातच चौकशी करा. रतनगडाच्या गुहेत राहण्याचा बेत असेल तर विशेष करून विचारा. परवानगी मिळालीच तर सॅक उघडी टाकू नका, तिथल्या माकडांना चेन उघडता येते. शेकोटी करायची नाही. अभयारण्यात ती कायद्याने चालत नाही, आणि कायदा नसता तरी डिसेंबरानंतरचं गवत इतकं कोरडं असतं की एक ठिणगी अख्खी सोंड जाळते. वणव्यात जळतात ती गवतात अंडी घालणारी पाखरं, सरडे, कारवीची कोवळी रोपं, आणि खाली वाडीतल्या माणसाने गुरांसाठी राखलेलं वर्षाचं वैरण. ऊब हवी असेल तर कपडे जास्त न्या. स्वयंपाकाला छोटा गॅसचा स्टोव्ह, त्याभोवती वारा अडवायला पत्रा.

शेकोटी आणि धूर टाळण्याचं दुसरं कारण आग्या मोहोळ, म्हणजे मोठ्या, रागीट मधमाश्यांचं पोळं. कड्यांच्या कपारींत, लेण्यांच्या छतांना ही मोहोळं लटकलेली असतात. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा आणि दगड, यातलं काहीही त्यांना उठवतं. वर बघत चला, मोहोळ दिसलं की आवाज न करता खालून निघून जा. माश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका, तोंड आणि मान कापडाने झाकून जितकं लांब जाता येईल तितकं लांब जा. पायाखालची जमीन मात्र बघत, कारण कड्याच्या वाटेवर धावताना पडलेल्यांची गत माश्यांपेक्षा वाईट होते. कुणाला दंशाची ॲलर्जी आहे का हे निघण्याआधी एकमेकांना विचारा आणि तसं असेल तर डॉक्टरांनी दिलेलं औषध बरोबर असू द्या.

सापाचं भय लोक फार बाळगतात आणि काळजी कमी घेतात. हिवाळ्यात साप सकाळी ऊन खायला कातळावर येतात. फुरसं हा विषारी साप तर इतका छोटा आणि दगडाच्या रंगाचा की हात ठेवेपर्यंत दिसत नाही. म्हणून चढताना न बघता खाचेत हात घालायचा नाही, रात्री अनवाणी फिरायचं नाही, बूट सकाळी झटकून घालायचे. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळपट्टी बांधायची नाही. अंगठी, घड्याळ काढा, तो हात किंवा पाय काठीला बांधून स्थिर करा, माणसाला कमीत कमी हलवत गाडीरस्त्यापर्यंत न्या. प्रतिविष राजूर-अकोले बाजूला कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे हे निघण्याआधी फोन करून लिहून ठेवा. १०८ आणि ११२ हे क्रमांक सगळ्यांना माहीत असतात. त्याबरोबर महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांच्या बचाव समन्वय केंद्राचा हेल्पलाइन क्रमांक आणि वाटेवरच्या तीन गावांतल्या एकेका माणसाचा क्रमांक कागदावर लिहून दोघांच्या सॅकमध्ये ठेवा. मधल्या पट्ट्यात रेंज मिळेलच असं नाही. म्हणून घरी एका माणसाला लेखी सांगून निघा: अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर या क्रमांकावर कळवायचं. ही वेळ ठरवताना दोन-तीन तास उशिराची ठरवा आणि मग ती पाळा.

सामानाबद्दल तुमची यादी वाचली. माणशी सोळा किलो होतंय, ते बारावर आणा. अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर गेलं की गुडघे बोलायला लागतात. पाच जणांत दोन तंबू पुरे, एक तिघांचा आणि एक दोघांचा, आणि त्याचे भाग वाटून घ्या. खुर्ची, स्पीकर, मोठा कंदील, काचेच्या बाटल्या घरी. जीनची पँट घरी, ती ओली झाली तर दोन दिवस वाळत नाही. बूट नवे कोरे आणू नका, महिनाभर वापरलेले आणा. ॲक्शन ट्रेकिंगचे साधे बूट सह्याद्रीच्या कातळावर वर्षानुवर्षं लोकांनी घातले आहेत आणि चांगले चिकटतात, महागड्या बुटांसाठी अडून बसू नका. प्रत्येकाकडे डोक्याला लावायची टॉर्च आणि एक शिट्टी हवी. शिट्टीचा आवाज ओरडण्यापेक्षा लांब जातो आणि घसा बसत नाही. तीस मीटरची एक दोरी ठेवा, पण ती वापरायची वेळ आली तर बहुधा तुम्ही चुकीच्या वाटेवर आहात.

खाण्याचं सोपं ठेवा. पहिल्या दिवसाला घरून दशम्या, चटणी, शेंगदाण्याचे लाडू. पुढे सकाळी पोहे, चालताना गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर, रात्री मुगाची खिचडी आणि मेतकूट-तूप. कुमशेत आणि पाचनईला मात्र गावातच जेवा. आदल्या दिवशी फोन करून किती माणसं ते सांगा. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, चुलीवरचा भात, हे पाठीवरून वाहून नेलेल्या कुठल्याही पाकिटापेक्षा सरस आहे, आणि तुमचा एक दिवसाचा शिधा वाचतो. मावशी पैसे सांगतील तेवढे द्यावे, घासाघीस करू नये. या वाड्यांत रोजगार कमी आहे, माणसं ओतूर-नारायणगावच्या बाजूला मजुरीला जातात. येणाऱ्या-जाणाऱ्याचं जेवण हे त्यांच्या हिवाळ्यातलं खरं उत्पन्न आहे.

टाक्याशी कसं वागावं हे पुन्हा पाण्याकडे आणतं. ज्या टाक्याला छत आहे, आत खांब कोरलेले आहेत, ऊन पोचत नाही, त्याचं पाणी बहुधा स्वच्छ आणि गार. उघड्या टाक्यातलं हिरवं पाणी भांडी धुवायला. पाणी भांड्याने काढून घ्या, आत पाय घालू नका, काठावर साबण लावू नका. ते पाणी पुढच्या जूनपर्यंत पुन्हा भरणार नाही, आणि तुमच्या नंतर सहा महिने माणसं आणि जनावरं त्यावर जगणार आहेत. हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती कमरेएवढं पाणी आहे, तिथे उतरून प्रदक्षिणा घालण्याची चाल आहे. श्रद्धा असेल तर जरूर घाला, अंघोळ आणि फोटोसाठी धिंगाणा नको. पिण्याचं पाणी फडक्यातून गाळा आणि उकळा, किंवा क्लोरीनचा थेंब टाकून अर्धा तास थांबा. शौचाला पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर, माती असेल तिथे वीतभर खड्डा करून, वर माती ओढून. ओले टिश्यू कुजत नाहीत, ते पिशवीत परत आणायचे.

शेवटच्या दिवसाची वाट सोपी म्हणून दुर्लक्ष करू नका. देवळापासून टोलार खिंडीकडे जाताना एकामागून एक टेकाडं चढावी-उतरावी लागतात. सगळी सारखी दिसतात, आणि सकाळच्या धुक्यात इथे चकवा लागल्यासारखं होतं. तास-दीड तास उशिरा निघा पण धुकं हटल्यावर निघा. खिंडीच्या वरच्या कातळटप्प्यावर रेलिंग आहे, सॅक घेऊन उतरताना तोंड डोंगराकडे करा. खिंडीत वाघाचं शिल्प आहे, तिथून खिरेश्वर उताराचं. गावातलं नागेश्वराचं देऊळ चुकवू नका. पुढे पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने पाचेक किलोमीटर खुबी फाट्यापर्यंत, तिथे माळशेजचा रस्ता लागतो आणि आळेफाट्याकडे एसटी मिळते. कुणी नळीच्या वाटेने, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून, कोकणातल्या बेलपाड्याला उतरू या म्हणालं तर या खेपेला ऐकू नका. ती वाट ओझ्याची नाही आणि पहिल्यांदा येणाऱ्याची नाही.

आता पुतणी. कात्राबाईच्या टप्प्यावर तिला नेऊ नका. तिच्या पायात बळ नसेल असं मला म्हणायचं नाही, मुलं आपल्यापेक्षा छान चढतात. पण त्या टप्प्यावर काही झालं तर गाडीरस्ता दोन्हीकडून चार तास लांब आहे, आणि मूल दमलं तर त्याला उचलून आणणारा माणूस स्वतः बारा किलो घेऊन चाललेला असेल. तिच्या बाबांना किंवा आईला तिसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन गाडीने थेट पाचनईला यायला सांगा. पाचनईची वाट दोन-अडीच तासांची, कातळाच्या छताखालून ओढ्याकाठाने जाणारी, तिला फार आवडेल. तिच्या सॅकमध्ये तिचंच पाणी, तिचीच टॉर्च आणि शिट्टी द्या, आणि गडावर पोचल्यावर टाकी शोधून त्यातलं कोणतं पाणी प्यायचं ते तिला ठरवू द्या.